कानामागे ठिपका

आमच्या तळमजल्यावरची बाई खरी पस्तिशीची आहे, तिचे केस काळेभोर आहेत आणि दर पंधरा दिवसांनी मागच्या खोलीचं दार लावून ती ते पांढरे करून घेते, कशासाठी, तर गिऱ्हाइकांना बाई अनुभवी वाटावी म्हणून, ही बातमी आमच्या इमारतीत चांगली वर्षभर फिरली. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिचं वय अठ्ठावीसवर आलं होतं.

बातमी खोटी आहे. मला पक्कं माहीत आहे, कारण ती मीच सोडली होती. पुढे एकदा बाई खाली पडलेला चिमटा उचलायला वाकली, तेव्हा मी तिच्या भांगात डोळे घालून खात्री करून घेतली. मुळापासून टोकापर्यंत एकच पांढरा. रंगवलेलं डोकं मुळाशी पकडलं जातं, आणि हिची मुळं स्वच्छ होती. बाई एक्कावन्न वर्षांची आहे आणि केस देवाने दिलेत तसेच आहेत.

पण मग माझा दुसरा संशय सुरू झाला. ही बाई सकाळी दहा ते संध्याकाळी सात लोकांची डोकी रंगवते. तिच्या कपाटात तपकिरीच्या म्हणे सोळा जाती आहेत. आणि स्वतःच्या डोक्याला थेंब लावत नाही? स्वयंपाकीण स्वतःच्या हातचं जेवत नसेल, तर तिच्या पातेल्यात काय आहे, असं कुणालाही वाटणारच की नाही?

तिला सगळे ठिपकेवाली म्हणतात. कारण सोपं आहे. तुम्ही केस रंगवायला गेलात की ती तुम्हाला बसवून घेत नाही. तयार रंगाचा एक थेंब तुमच्या कानामागे लावते आणि म्हणते, "परवा या. खाजलं, लाल झालं, सुजलं तर आधी या." अठ्ठेचाळीस तास. तोवर रंग नाही. आमच्या जिन्यात कानामागे काळा ठिपका घेऊन खालीवर करणारी निम्मी माणसं दिसतात. एकदा पाणी तपासायला आलेल्या माणसाने मला हळूच विचारलं, "तुमच्याकडे कसली साथ आहे का?"

मला वाटे, ही सगळी गिऱ्हाईक दोनदा यावं म्हणून युक्ती आहे. दोनदा आलं की दोनदा बोलणं होतं, दोनदा बोलणं झालं की शाम्पूची बाटली गळ्यात पडते. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "हो, आणि तिसऱ्यांदा कुणी आलं की घर नावावर करून घेते."

तिचं दुकान म्हणजे रस्त्याकडची पुढची खोली. एक खुर्ची, एक स्टूल, एक बेसिन, सगळे टॉवेल काळे. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि अंडी उकडायला वापरतात ते घड्याळ. ती रंग डोळ्यांनी मोजत नाही, काट्यावर मोजते. ट्यूबलाइटवर तिचा काडीचा विश्वास नाही. "ही मेली सगळ्यांना हिरवं करते," म्हणते, आणि गिऱ्हाइकाला उठवून दारात उजेडाला उभं करते. मग मनगट उलटं करून शिरा बघते. नवीन माणसाला वाटतं, बाई नाडी बघतेय. एका आजोबांनी तर तिला गुडघ्याचं दुखणंही सांगून टाकलं. ती बघत असते कातडीची झाक. शिरा निळसर दिसल्या तर राखाडी अंगाचे रंग खुलतात, हिरवट दिसल्या तर मधाळ, तांबूस. आणि पन्नाशीनंतर काळाकुट्ट रंग मागायला आलेल्या माणसाला ती आरशासमोर उभं करून विचारते, "चेहरा पण नवीन आणलाय का सोबत?" तुमच्या मूळ रंगापेक्षा एक-दोन पायऱ्या फिका घ्यायचा, हा तिचा नियम. त्यात पांढरं डोकावलं तरी चहाडी होत नाही.

रंगांचे प्रकार ती नात्यांवरून समजावते. एका धुण्यात जातो तो पाहुणा. कार्यक्रमापुरता यावा, चहा घ्यावा, जावं. सहा-आठ धुण्यांत हळूहळू उतरतो तो भाडेकरू. केसावर बाहेरून बसतो, आत घुसत नाही. वीस-पंचवीस धुण्यांपर्यंत टिकतो तो लांबलेला भाडेकरू, त्याच्यात सौम्य डेव्हलपर, म्हणजे रंग केसात मुरवणारं औषध, घालावं लागतं. आणि कायमचा रंग म्हणजे घरजावई. केस उघडून आत शिरतो, जात नाही, आणि दर महिन्याला मुळाशी काहीतरी मागत बसतो. मेंदीला ती मावशी म्हणते. प्रेमळ, पण एकदा आली की तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसवायचं म्हणजे कटकट.

"आणि त्या हळूहळू काळं करणाऱ्या बाटल्या?" मी एकदा सहज विचारलं होतं. म्हणजे सहज नव्हतं, ते पुढे येईलच.

"त्यांना नातं नाही," ती म्हणाली. "ते चोर. थोडं थोडं आणून ठेवतात, आणि एक दिवस पोलीस तुमच्या घरी येतात."

आता माझे दीर. यांचे धाकटे भाऊ, बावन्न वर्षांचे, एकटे. तेवीस वर्षं एका हॉटेलच्या काउंटरवर उभे होते. हॉटेल बंद पडलं आणि भाऊजी आमच्या पुढच्या खोलीत आले, इस्त्रीचे सहा शर्ट आणि तोच नम्र आवाज घेऊन. आमच्या दारावरची घंटा वाजली तरी ते "नमस्कार, आपली काय सेवा करू" म्हणत. दूधवाला बावचळायचा. आठ महिने अर्ज केले. तीन ठिकाणी मुलाखती झाल्या, तिन्ही ठिकाणी समोर बसलेलं पोर त्यांच्या डोक्याकडे बघून म्हणालं, "कळवतो."

केस रंगवा म्हटलं तर म्हणत, "वहिनी, मी खोटं काही करत नाही." तत्त्व! डोक्याला फक्त बदामाचं तेल लावणार आणि दहा मिनिटं चोळणार.

इथे मला एक गोष्ट सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या तेलाच्या बाटलीत मी पाच महिन्यांपूर्वी ते हळूहळू काळं करणारं पाणी मिसळायला सुरुवात केली. रोज थोडं. तेल आणि पाणी मिसळत नाही म्हणून बाटली हलवून ठेवायची. वाईट हेतू नव्हता. माणूस सकाळी आरशासमोर जो चेहरा करायचा, तो बघवत नव्हता. आणि खरं सांगायचं तर थोडी गंमतही वाटत होती. महिन्याभरात भाऊजींचे केस गडद व्हायला लागले आणि घरात जल्लोष. "रक्ताभिसरण!" भाऊजी म्हणाले. मग ते जिन्यात भेटेल त्याला डोकं चोळायचं प्रात्यक्षिक द्यायला लागले. दोन टकले गृहस्थ त्यांचे शिष्य झाले. मी दाराआड पदर तोंडात कोंबून हसत असे.

एका मंगळवारी फोन आला. शुक्रवारी अकरा वाजता मुलाखत. मोठं हॉटेल, स्वागताचा काउंटर, तेच काम. भाऊजींनी आरसा घेतला. शेंडे काळे, मधे पिवळसर राखाडी, कानशिलं अजून पांढरी. "रक्ताभिसरण वेळेत पोचणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "वहिनी, यावेळी फक्त राहिलेलं रंगवून घेतो. ही नोकरी गेली तर या वयात परत कुणी बोलावणार नाही."

मी त्यांना घेऊन खाली गेले आणि ठिपकेवालीच्या स्टुलावर बसले.

तिने भाऊजींना दारात उजेडाला उभं केलं. केस बोटांत धरले, सोडले, पुन्हा धरले. वास घेतला. मग ती त्यांच्याभोवती फिरली, चोरीची सायकल ओळखणारा माणूस फिरतो तशी.

"काय लावता?"

"बदामाचं तेल."

"आणखी?"

"आणखी काही नाही, ताई."

"मेंदी? पावडर? कंगव्याने लावायचं काही? लोशन?"

"फक्त तेल. आणि चोळतो."

"साहेब, तेलाने केस काळे झाले असते तर मी एव्हाना दुकान विकून तेलाची गिरणी टाकली असती."

"रक्ताभिसरण…"

"रक्त लाल असतं. हे हिरवट चमकतंय." तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या रंगांच्या पुठ्ठ्यावरच्या नमुन्याच्या शेंड्या मोजू लागले.

तिने मानेजवळचे आतले चार केस कापले. तेही ती प्रत्येकाचे कापते आणि पाकिटात तारीख घालून ठेवते. त्यावरूनही मी पूर्वी काहीबाही बोललेय, जाऊ द्या. काचेच्या वाटीत डेव्हलपर, दुसऱ्या बाटलीतले दोन थेंब, त्यात ते केस. घड्याळ तीस मिनिटांवर लावलं. सातव्या मिनिटाला वाटीत बुडबुडे यायला लागले. तिने माझा हात धरून वाटीला लावला. वाटी गरम होती, कपभर चहा ओतल्यासारखी. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. चिमट्याने तिने ते केस वर काढले तर ते केस राहिलेच नव्हते, चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखे लोंबत होते.

"यात धातूचं काहीतरी आहे," ती म्हणाली. "यावर घरजावई बसवला असता तर हे तुमच्या टाळूवर झालं असतं. मी रंग लावणार नाही. आणि साहेब, तुम्ही खोटं बोलताय."

भाऊजी पांढरेफटक पडले. तेवीस वर्षांत त्यांना कुणी खोटं बोलता असं म्हटलं नव्हतं. "मी खोली शिल्लक नसेल तर नाही म्हणणारा माणूस आहे," ते म्हणाले. आवाज तरीही नम्रच. "आपल्याला माझ्यावर विश्वास नसेल तर मी दुसरीकडे जातो. नमस्कार."

आणि गेले. मी स्टुलावरून हलले नाही. बोलायची वेळ होती आणि तोंड उघडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

"तूही जा," ती मला म्हणाली. काचेची वाटी धुताना तिची पाठ माझ्याकडे होती. "पण त्यांना कुणाकडे रंग लावू देऊ नकोस. कुणाकडेच."

"तू जरा जास्तच करतेस," मी म्हटलं. अपराधी माणूस आधी दुसऱ्यावर तुटून पडतो, तसं झालं. "एवढी भीती आहे तर धंदा कशाला करतेस? स्वतः तर लावत नाहीस. आम्हाला काय माहीत, वाटीत तूच काय घातलंस ते?"

तिने नळ बंद केला. मग जे सांगितलं ते आमच्या इमारतीतल्या दहा वर्षांत तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

ती सोळाव्या वर्षी एका मोठ्या सलूनमध्ये केर काढायला लागली. विसाव्या वर्षी रंग कालवायला लागली, हातमोज्यांशिवाय, कारण मालकीण म्हणे हातमोज्यांनी केस कळत नाहीत. सव्विसाव्या वर्षी तिच्या मोठ्या बहिणीचं लग्न होतं. आदल्या दिवशी हिने घाईत स्वतःचे केस रंगवले. ठिपका वगैरे कोण लावतो? रोज तोच रंग हातात. सकाळी कपाळ सुजलं होतं. दुपारी सुजेने डोळे उघडेनात. लग्न लागलं तेव्हा ती दवाखान्यात होती, नाकात नळी. सहा वर्षं हातांतून ते तिच्या अंगात मुरलं होतं आणि त्या दिवशी शरीराने नको म्हटलं. आता एक थेंब लागला तरी पुन्हा तेच.

"बहिणीच्या लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही," ती म्हणाली. "ती अजून म्हणते, तू आली नव्हतीस. मावशी लावता येईल मला, मेंदी. पण मला संत्रं व्हायचं नाही."

मी मान खाली घातली. तिच्या केसांबद्दल मी काय काय सांगत फिरले होते, ते सगळं आठवलं आणि कान तापले.

तरी मी तिला बाटलीचं सांगितलं नाही. विचार केला, भाऊजींना घरी समजावते, तेलवाल्यानेच भेसळ केली असेल म्हणते, म्हणजे कुणाचंच काही जाणार नाही. त्या संध्याकाळी भाऊजी जेवले नाहीत. बुधवारी सकाळी शर्टाला इस्त्री केली आणि काही न बोलता बाहेर पडले. तासाभराने मी विचारलं, "भाऊजी कुठेत?" हे म्हणाले, "कोपऱ्यावरच्या दुकानात. तिथे वीस मिनिटांत करतात म्हणे, ठिपका नाही, बिपका नाही."

मी चपला न घालता धावले.

भाऊजी खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती कापड, हात मांडीवर जोडलेले. दुकानदार वाटीत ब्रश फिरवत होता. खुर्च्यांवर आणखी चार गिऱ्हाइकं, त्यांतला एक रक्ताभिसरणवाला शिष्य.

"भाऊजी, उठा!"

"वहिनी, कृपा करून…"

"तेल नव्हतं ते!" मी ओरडले. "मी मिसळलंय! पाच महिने! ते काळं पाणी बाटलीत मी ओततेय, तुमचं रक्ताभिसरण मीच आहे!"

शिष्याचा हात डोक्याकडे गेला आणि तिथेच थांबला. दुकानदाराने ब्रश खाली ठेवला. त्याला काही कळलं नसावं, पण भांडण मोठं आहे एवढं कळलं.

भाऊजी आरशातून माझ्याकडे बघत राहिले. मग उठले आणि चालू लागले, गळ्यातल्या कापडासकट. दुकानदार मागून "साहेब, कापड!" म्हणत होता. मी मागून अनवाणी. भाऊजी थेट ठिपकेवालीच्या खुर्चीत जाऊन बसले.

"ताई," ते म्हणाले, "मी खोटं बोललो नव्हतो. खोटं माझ्या डोक्यावर ओतलं जात होतं."

तिने माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे. तिला सगळं समजलं. "बाटली आण," एवढंच म्हणाली.

मी आणली. तिने भिंगातून मागची बारीक अक्षरं वाचली आणि बाटली दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकली. मग भाऊजींकडे वळली. "दोन रस्ते आहेत. वरून डेव्हलपर नसलेला भाडेकरू रंग बसवता येईल. पण खाली हे असलं असताना तो कुठे धरेल, कुठे सोडेल, मी खात्री देणार नाही. दुसरा म्हणजे खराब झालेलं सगळं कापून टाकायचं. अर्धा इंच ठेवते. जे आहे ते दिसेल."

"जे आहे ते पांढरं आहे."

"बरंचसं."

"आणि काउंटरवर?"

"साहेब, तुम्ही माझ्या दुकानातून भांडून जाताना पण नमस्कार करून गेलात. असं मी पहिल्यांदा पाहिलं. ते रंगवावं लागत नाही." तिने कात्री हातात घेतली नव्हती अजून. "पण डोकं तुमचं आहे. तुम्ही सांगा."

भाऊजींनी डोळे मिटले. "कापा."

अर्ध्या तासात जमिनीवर पिवळट काळ्या केसांचा ढीग झाला. वर राहिलं ते रुपेरी, आखूड, नीट. मला वाटलं होतं म्हातारे दिसतील. दिसले ते निवृत्त कप्तानासारखे. पण मी तसं म्हणाले नाही, कारण माझं मत कुणी विचारलं नव्हतं आणि पुढचे चार-पाच दिवस विचारणारही नव्हतं. जेवताना भाऊजी यांना म्हणत, "दादा, भाजी इकडे द्यायला सांगशील का?" आणि भाजी माझ्याच हातात असे.

शुक्रवारी ते गेले. सोमवारी फोन आला. काउंटर मिळाला नाही. तिथे त्यांना तरुण मुलं हवी होती. पण त्या मुलांना उभं राहायला, बोलायला, रागावलेल्या पाहुण्याला शांत करायला शिकवणारा माणूस हवा होता, आणि तो त्यांना सापडला होता. पगार काउंटरपेक्षा थोडा कमी, खुर्ची मात्र स्वतःची. भाऊजींनी फोन ठेवला, आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "वहिनी, ते बदामाचं तेल फेकून द्या."

मी खाली गेले. म्हटलं, बातमी आधी आपण द्यावी, आणि जमलं तर गेलेली अब्रूही थोडी वसूल करावी. ती हातमोजे धुऊन दोरीवर लावत होती. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पण एक कबूल कर. एवढी मोठी संशयखोर तू, आणि एका सरळ माणसाला तोंडावर खोटारडा म्हणालीस. तुझा संशय सपशेल चुकला."

तिने शेवटचा हातमोजा चिमट्यात अडकवला.

"संशय कुठे चुकला? घर बरोबरच होतं. माणूस तेवढा स्टुलावर बसला होता."